रॅमची एकच काठी (स्टिक) घेणार असाल तर थांबा

गेमिंगसाठी पीसी जुळवताना काही जण सांगतात की बजेट कमी असेल तर निम्मे पैसे ग्राफिक्स कार्डवर घाला आणि रॅम काय, १६ जीबीची एक काठी टाका, पुढे दुसरी घेता येईल. कार्डाचं पटलं, पण रॅमचं अजिबात नाही. एका काठीवर सिंगल चॅनेल चालतं, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममध्ये डेटाची एकच वाट; डीडीआर४ ३२०० (रॅमचा प्रकार आणि वेग) ला सेकंदाला साधारण २५ जीबी, तेच ८-८ च्या दोन घेतल्या की दुप्पट, आणि किमतीत फारसा फरक नसतो. वेगळं कार्ड न घेता प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर भागवणार असाल तर मग विचारूच नका, ते बिचारं सगळं रॅममधूनच ओढतं.

आणि नुसत्या दोन काठ्या घेऊनही भागत नाही, हे मी स्वतः भोगलंय. गेम मधेच अडखळायचा, मी चार महिने प्रोसेसरला शिव्या देत होतो, नवा घ्यायच्या बेतात होतो. एकदा सहज सीपीयू-झेड (पीसीच्या भागांची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं तर रॅम १०६६ वर! (तो आकडा दुप्पट धरायचा असतो, म्हणजे २१३३.) बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्यावर लिहिलेल्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, चालूच केलं नव्हतं, आणि काठ्याही शेजारी-शेजारी खोचलेल्या, म्हणजे बहुतेकदा पुन्हा एकाच चॅनेलवर. चार स्लॉटच्या बोर्डात बहुतेकदा प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा वापरायचा असतो, मॅन्युअलमध्ये चित्रच असतं, पण ते उघडतंय कोण. दोन्ही नीट केलं आणि अडखळणं जवळपास गेलं, तोच प्रोसेसर अजून वापरतोय.