माजी आमदारांचं पेन्शन : अधिकार विधिमंडळाचाच

एकांनी लिहिलंय की केंद्रानं कायदा करून माजी आमदारांचं पेन्शन बंद करावं, नाहीतर औरंगाबाद खंडपीठात याचिका टाकू. तळमळ शंभर टक्के मान्य, पण हे दोन्ही रस्ते पुढं जात नाहीत.

आमदारांचे पगार-भत्ते राज्यघटनेच्या कलम १९५ प्रमाणे राज्य विधिमंडळ कायद्यानं ठरवतं. त्या कलमात पेन्शनचा उल्लेख नाही हे खरं. पण राज्याच्या तिजोरीतून द्यायची पेन्शनं राज्यसूचीत (राज्यांनी कायदे करायच्या विषयांच्या यादीत), नोंद ४२ मध्ये येतात, त्यामुळं संसदेचा इथं संबंध येत नाही. आपल्याकडं महाराष्ट्रात त्यासाठी १९७६ चा वेगळा अधिनियमच आहे. कोर्टाचं म्हणाल तर माजी खासदारांच्या पेन्शनविरुद्धची 'लोकप्रहरी' या संस्थेची याचिका सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये फेटाळली. राज्यघटना पेन्शनबद्दल गप्प आहे म्हणून ते देताच येत नाही, हा मुद्दा टिकला नाही. आमदारांच्या बाबतीत वेगळं काही होईल असं मला वाटत नाही.

मग उरतं विधिमंडळ. पंजाबनं २०२२ मध्ये त्याच रस्त्यानं बदल केला: कितीही वेळा निवडून आला तरी एकच पेन्शन. आधी अध्यादेश काढायचं ठरवलं होतं, राज्यपालांनी विधेयक आणायला सांगितलं, मग सभागृहातून रीतसर कायदा झाला.

१ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन नाकारणारं राज्य माजी आमदारांना मात्र एका टर्मवर तहहयात पेन्शन देतं, हे मनाला फार लागतं. मराठवाड्यातून ४६ आमदार जातात. लातूर असो की हिंगोली, आपापल्या आमदाराला लेखी विचारा की असं अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदारानं मांडायचं विधेयक) मांडणार का, आणि आलेलं उत्तर इथं टाका.