आयल्ट्स अकॅडमिकसाठी व्होकॅब कशी वाढवायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी कोपरखैरण्याला राहते, मास्टर्ससाठी आयल्ट्स अकॅडमिक (इंग्रजीची परीक्षा) द्यायचीय. रीडिंग ठीक जातं पण रायटिंग टास्क २ चे किमान २५० शब्द लिहिताना फिरून फिरून तेच शब्द येतात, आणि लेक्सिकल रिसोर्सवर (म्हणजे शब्दसंपत्तीवर) टास्कचे २५ टक्के मार्क आहेत. सध्या कॉक्सहेडची अकॅडमिक वर्ड लिस्ट, ५७० वर्ड फॅमिलीजवाली (एका मूळ शब्दाची सगळी रूपं मिळून एक फॅमिली), ठाणे लोकलमध्ये पाठ करतेय, अर्थ लक्षात राहतात पण वाक्यात वापरायचं म्हटलं की डोकं ब्लँक!! कोलोकेशनसकट (कोणता शब्द कोणत्या शब्दाबरोबर येतो त्यासकट) शिकायला कोणी काय केलंय, वही की अँकी (फ्लॅशकार्डचं अ‍ॅप)? आणि ठाणे-वाशीकडे निबंध नीट तपासून देणारं कोणी आहे का? (जड जड शब्द कोंबा सांगणारे क्लासवाले नकोत, प्लीज.) आठ बँड (स्कोअर) मिळवलेल्यांनो, सांगा ना.