अ‍ॅक्मोपाइल साहनियाना: छाट कलमं आडवीच वाढतात, काय करावं?

प्रश्न (टाचण):
फिजीच्या विती लेवू बेटावरच्या या सूचिपर्णी झाडाच्या संवर्धनाचा आराखडा करतोय. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ते अतिसंकटग्रस्त आहे. अडचण अशी की आडव्या फांद्यांची छाट कलमं रुजली तरी वर न जाता जमिनीला समांतर पसरतात. बिया साठवून ठेवणं हा पर्याय होऊ शकतो का? की कलमांवरच भर द्यावा?

उत्तर १ (मिस्टचेंबर):
नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अरोकेरियाचं हेच होतं. बाजूच्या फांदीचं कलम आयुष्यभर फांदीसारखंच वागतं, काठीला बांधूनही सुधारत नाही. उभी वाढ हवी असेल तर कलम उभ्या फुटव्याचंच हवं. बियांपासून वाढवलेल्या रोपाचा शेंडा छाटा, खोडावर उभे फुटवे येतील, ते घ्या. जंगलातल्या झाडाचा शेंडा मात्र अजिबात छाटू नका.

कलम ८–१० सेंमी, अर्धवट पिकलेलं, सकाळी घ्यावं. खालची पानं काढून ३००० पीपीएम (०.३ टक्के) आयबीए, म्हणजे मुळं फुटायला मदत करणाऱ्या संप्रेरकाची पावडर लावा. परलाइट (फुलवलेल्या ज्वालामुखी काचेचे हलके कण) आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं निम्मं, तळाला २२ अंशांच्या आसपास ऊब. हे आकडे सूचिपर्णींसाठीचे सर्वसाधारण आहेत, म्हणून आधी थोड्याच कलमांवर करून पाहा. मुळं यायला कित्येक महिने लागतात. घाईत उपटून बघितलं की नवी मुळं तुटतात. कलमांवर फवारलं जाणारं पाण्याचं धुकं जास्त झालं तर बुडखा काळा पडतो, तेव्हा पाणी कमी करा, हवा खेळती ठेवा.

उत्तर २ (देवराई):
बियांवर सगळी भिस्त नको. हे झाड पोडोकार्प कुळातलं, आणि या कुळातल्या बऱ्याच झाडांच्या बिया वाळवल्या की मरतात. या झाडाच्या बियांची चाचणी झाल्याशिवाय वाळवून गोठवण्याचा धोका पत्करू नका. गर काढून ताज्याच पेराव्यात.

दुसरं, नर आणि मादी झाडं वेगळी असतात. एकाच झाडाची दोनशे कलमं केलीत तरी बी एकही धरणार नाही! ज्यावरून कलम घेतलं त्या प्रत्येक मातृवृक्षाला क्रमांक द्या, लिंग, जागा आणि उंची नोंदवा, लेबल कधीही सोडू नका. एका झाडाची ढीगभर कलमं करण्यापेक्षा अनेक झाडांची चार-चार बरी.

जंगलातली माती रोपवाटिकेत आणू नये. पोडोकार्पच्या मुळांना उपयोगी बुरशी लागते हे खरं, पण त्याच मातीतून मूळकूजही येते. कात्री झाडागणिक ७० टक्के अल्कोहोलने पुसा.

उत्तर ३ (पानगळ):
महाबळेश्वरात लावून पाहायचा मोह कुणाला होण्याआधीच सांगतो: तिथला ऑक्टोबर ते मेचा कोरडा काळ या ढगाळ जंगलातल्या झाडाला मानवणार नाही. शिवाय फिजीतली बरीच जमीन ‘मातांगाली’ कुळांच्या मालकीची आहे. त्यांची संमती आणि सरकारी परवाना नसेल तर पानही उचलता येत नाही. नावातलं ‘साहनी’ मात्र आपलंच, भारतीय पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींचं. त्यांनी १९२० मध्ये न्यू कॅलेडोनियातल्या अ‍ॅक्मोपाइल पांचेरीच्या रचनेवर शोधनिबंध लिहिला होता. ही फिजीची जात १९४७ मध्ये त्यांच्या नावाने नोंदली गेली.

आणि नुसत्या रोपवाटिकेने भागणार नाही. विती लेवूवरच्या नामोसी भागात तांब्याच्या खाणीचं सावट आहे, पश्चिमेच्या कोरोयानितू डोंगराकडे गवताळ उतारांवरच्या आगी वर चढतात. तिथे आगपट्टे (आग अडवणारे मोकळे पट्टे) आखणं आराखड्यात आधी घ्या.

मिस्टचेंबर:
टाचण, आडवी वाढलेली कलमं फेकू नका. वाण तरी टिकतो, आणि मोठी होऊन फळली तर त्यांच्या बियांतून सरळ वाढणारी रोपं मिळतील. नर-मादी कुंड्या शेजारी ठेवा.