हातमोजे: पायातला शब्द हातात कसा गेला?

हातमोजे हा शब्द मला नेहमी कुणीतरी बसून बनवल्यासारखा वाटतो, मोजे तर पायात घालतात ना? हिंदीत दस्ताने आहे तसा आपल्याकडे सुटसुटीत शब्द नाही का? आणि सातबाऱ्यावर गावाच्या नावाआधी मौजे लिहितात त्याचा याच्याशी काही संबंध?

–

मौजेचं आधी उरकतो, काहीही संबंध नाही. ते अरबीतून आलंय, अर्थ जागा, गाव. मोजा मात्र फारसी.

आता गंमत बघा, फारसीत मोजा म्हणजे चक्क बूट, वर पोटरीकडे जाणारा कातडी बूट, आणि आपल्याकडे येता येता तो बुटाच्या आत शिरला आणि कापडी झाला. म्हणजे शब्द पायाचाच, त्यामुळे हातात घालायचा तर आधी हात जोडावाच लागला. यात ओढूनताणून काही नाही, गुजरातीत हाथमोजां आहे, बंगालीत हातमोजा आहे, जर्मनमध्ये तर हांडशू म्हणतात म्हणजे सरळ हाताचा बूट! उलट मला पायमोजा हाच शब्द जास्त विचार करण्यासारखा वाटतो, मोजा मुळात पायातलाच असताना पुन्हा पाय कशाला? माझ्या मते हातमोजा रुळल्यावर जोडीला तो आला असावा.

दस्तानेमधला दस्त म्हणजे हात, आपल्या संस्कृत हस्तचा सख्खा भाऊ. तो मराठीत भरपूर आहे की, जबरदस्त म्हणजे ज्याचा हात वर तो, आणि मराठवाड्यात रुमालाला दस्ती म्हणतात ती पण त्यातलीच. हातरुमाल पण असाच, रू म्हणजे चेहरा, माल म्हणजे पुसणारा, आणि त्याला आपण पुढे हात लावला, तरी तो कुणाला बनवलेला वाटत नाही.

–

वापराबद्दल थोडं. बोलताना हातमोजे आता मुख्यतः तान्ह्या बाळाचे राहिलेत, झबलं, टोपडं, हातमोजे, पायमोजे असा सगळा सेटच मिळतो, नखांनी तोंड ओरबाडू नये म्हणून घालतात ते. विकेटकीपरचे, डॉक्टरांचे मात्र ग्लोव्हज. आणि पुण्यात उन्हात गाडीवर जाताना कोपरापर्यंत घालतात त्यांना दुकानात सर्रास हँडग्लोव्हज म्हणतात. इंग्रजीत ग्लोव्ह हाताचाच असतो, वेगळं हँड लावत नाहीत, पण आपल्या कानाला हातमोजेची सवय म्हणून तो हात इंग्रजी शब्दालाही चिकटला असं मला वाटतं, आणि मला त्यात चूक काही दिसत नाही, बोलणारा आपल्या भाषेच्या वळणानेच बोलणार. लिहिताना मात्र हातमोजेच लिहावं, स्वच्छ शब्द आहे, कुणालाही कळतो.

अजून एक, दांडपट्ट्याला मुठीवर कोपराकडे जाणारं लोखंडी आवरण असतं त्याला खोबळा म्हणतात. हातमोजा नाही म्हणता येणार, पण हात झाकणारा अस्सल शब्द आहे. खानदेशात, कोकणात हातमोज्यांना वेगळं काही म्हणतात का?