मदत हवी आहे : 'कसे करायचे हे ठाऊक असणे' आणि स्वयंचलित नियोजन

नमस्कार. कोल्हापुरात पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या प्रकल्पासाठी मी पंचगंगेकाठच्या उपसा सिंचन पंपाचे छोटे प्रारूप तयार करत आहे. पाटाकडचा व्हॉल्व्ह उघडा आहे की बंद, हे नियंत्रक प्रणालीला ठाऊक नाही आणि ते तपासणारा सेन्सरही नाही.

तर्कशास्त्रज्ञ यांजिंग वांग यांनी २०१५ मध्ये 'कसे करायचे हे ठाऊक असणे' यासाठी मांडलेल्या तर्कशास्त्रानुसार, एखादी गोष्ट कशी करायची हे ठाऊक आहे असे म्हणायला प्रत्येक शक्य अवस्थेसाठी वेगवेगळी योजना असणे पुरेसे नसते. त्या सर्व अवस्थांतून मध्येच न अडकता उद्दिष्टापर्यंत नेणारी एकच योजना असावी लागते. नियोजनशास्त्रातील (उद्दिष्टापर्यंत नेणारा कृतींचा क्रम संगणकाने शोधण्याच्या शास्त्रातील) कन्फॉर्मंट प्लॅनिंग हेच. त्यामुळे व्हॉल्व्ह उघडा असताना पाणी कसे सोडायचे हे ठाऊक आहे आणि बंद असतानाही ठाऊक आहे, एवढ्यावरून 'दोहोंपैकी काहीही असो, ठाऊक आहे' असा निष्कर्ष निघत नाही.

माझी अडचण इथेच आहे. 'व्हॉल्व्ह उघड' ही कृती आधीच उघड्या असलेल्या व्हॉल्व्हवर लागू होत नाही असे मानले, तर योजनाच सापडत नाही. ती निष्परिणाम पार पडते असे मानले, तर 'पंप चालू कर, मग व्हॉल्व्ह उघड' एवढ्यात काम भागते. शेतावरचा माणूस चाक अडेपर्यंत फिरवतो, म्हणून मला दुसरा पर्याय पटतो. पण परीक्षकांना ती पळवाट वाटेल, अशी शंका आहे.

अशा वेळी कृतीची पूर्वअट (ती कधी लागू होते याची अट) सैल करणे तर्काच्या दृष्टीने ग्राह्य आहे, की सेन्सर जोडून सशर्त योजनाच (सेन्सरने दिलेल्या माहितीनुसार पुढची कृती ठरवणारी) मांडावी? कन्फॉर्मंट नियोजनाचे क्लासिकल नियोजनात (सुरुवातीची अवस्था पूर्ण ठाऊक असलेल्या नियोजनात) रूपांतर कुणी प्रत्यक्ष केले असल्यास, कोणत्या प्लॅनरने (योजना शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने) ते सुलभ झाले, हेही कृपया सांगावे.