एएसपी पिस्तूल आणि कोकणातील नायक: माहिती हवी आहे

किनारावाचक (देवगड)

नमस्कार. सध्या मी एक रहस्यकथा लिहीत असून तिचे कथानक १९८५ च्या सुमारास देवगड ते विजयदुर्ग या पट्ट्यात घडते. दुबईहून येणाऱ्या गलबतांतून सोने उतरवले जाते आणि सीमाशुल्क खात्यातील एक अधिकारी त्या टोळीच्या मागावर असतो, असा विषय आहे. या नायकाच्या कमरेला एएसपी नावाचे छोटेखानी पिस्तूल द्यावे, असे मनात आहे. जॉन गार्डनर यांनी लिहिलेल्या जेम्स बाँडच्या कादंबऱ्यांत मी त्याचे वर्णन वाचले होते. माझ्या परिचितांपैकी कोणीही मात्र त्याचे नाव ऐकलेले नाही, आणि बाँड म्हणजे वॉल्थर पीपीके पिस्तूल, बाकी सारे लेखकाच्या डोक्यातून निघालेले, असे एकाने मला ठासून सांगितले. हे पिस्तूल खरोखर अस्तित्वात होते का, असल्यास त्याचे वेगळेपण कशात होते, आणि त्या काळी कोकणातील अधिकाऱ्याच्या हाती ते शोभेल का, हे जाणकारांनी सांगावे.

जुनेपोलाद (रत्नागिरी)

आपण वाचलेले पिस्तूल पूर्णपणे खरे आहे. बाँडने हाताळलेल्या शस्त्रांत मला सर्वांत विचारपूर्वक घडवलेले तेच वाटते. न्यूयॉर्कच्या पॅरिस थिओडोर याने ते सिद्ध केले. सेव्हनट्रीज ही त्याची कंपनी कपड्यांआड न दिसणारी होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायची म्याने, बनवत असे, त्यामुळे लपवून बाळगलेले शस्त्र बाहेर काढताना नेमके कोठे अडते, याची त्याला पुरेपूर जाण होती. मुळात हे कोरे पिस्तूल नव्हे. स्मिथ अँड वेसनचे मॉडेल ३९ हे १९५० च्या दशकाच्या मध्यात बाजारात आलेले ९ मिमीचे पिस्तूल आधाराला घेऊन, त्याची नळी, स्लाईड (नळीवरचा पुढे-मागे सरकणारा भाग) आणि मूठ आखूड करून, कापडात अडकेल असा प्रत्येक कोपरा घासून गोल केलेला असे. असे एकेक पिस्तूल हातकामाने बदलायचे म्हटल्यावर ती मोजकीच तयार झाली आणि आजही ती संग्राहकांपलीकडे फारशी कोणाला ठाऊक नाहीत.

त्याच्या दोन गोष्टी जवळून पाहण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे नेम धरण्याची सोय. नेहमीच्या पिस्तुलावर पुढे माशी, म्हणजे नेम धरायचा लहान उंचवटा, आणि मागे खाच असते, आणि घाईत शस्त्र उपसताना शर्टाच्या अस्तरात रुतते ती हीच माशी. थिओडोरने ती काढूनच टाकली आणि स्लाईडच्या माथ्यावर पुढे निमुळती होत जाणारी एक पन्हळ ठेवली, जिच्या तिन्ही आतील बाजू पिवळ्या रंगवलेल्या असत. पिस्तूल सरळ रोखले की तिन्ही पिवळे पट्टे सारखे दिसतात. जरा तिरके झाले की एका बाजूचा पट्टा मोठा होतो आणि दुसरीकडचा आकसतो. या रचनेला त्याने गटरस्नाइप असे नाव दिले होते. लांबच्या नेमासाठी ती कुचकामी आहे, पण एका खोलीच्या अंतरावर, जिथे अशा माणसाला शस्त्र खरोखर वापरावे लागते, तिथे ती डोळ्याला चटकन कळते.

दुसरी गोष्ट मुठीची. तिच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पारदर्शक होत्या आणि आतील मॅगझिनलाही (काडतुसांच्या डब्यालाही) बाजूने फटी कापलेल्या होत्या, त्यामुळे किती काडतुसे शिल्लक आहेत ते मॅगझिन बाहेर न काढता दिसत असे. मॅगझिनमध्ये सात काडतुसे राहत. रहस्यकथाकाराला याहून सोयीचे दुसरे काय हवे?

आता बाँडविषयी. आपल्या परिचितांचे म्हणणे चित्रपटांपुरते बरोबर आहे, कारण पडद्यावर एएसपी बाँडच्या हाती कधी आलेच नाही. गार्डनर यांनी १९८१ पासून बाँडच्या कादंबऱ्या लिहायला घेतल्या, आधीच्या तीन पुस्तकांत नायकाला निरनिराळी पिस्तुले देऊन पाहिली, आणि १९८४ च्या कादंबरीत एएसपी दिल्यावर पुढे तेच कायम ठेवले. पीपीकेची कथाही लक्षात ठेवण्याजोगी आहे. बाँडचे मूळ लेखक इयान फ्लेमिंग यांनी सुरुवातीला बाँडला .२५ चे बेरेटा दिले होते. ग्लासगो येथील जेफ्री बूथरॉइड या शस्त्रांच्या अभ्यासकाने १९५६ मध्ये त्यांना पत्र लिहून, हे तर बायकांनी पर्समध्ये ठेवायचे पिस्तूल आहे, अशी तक्रार केली, आणि १९५८ च्या कादंबरीत फ्लेमिंग यांनी शस्त्र बदलून पीपीके तर दिलेच, शिवाय बूथरॉइड या नावाचे एक पात्रही आणले. एवढे करूनही त्या पीपीकेला होल्स्टर मात्र त्यांनी रिव्हॉल्व्हरचे दिले. तेव्हा आपणही तपशील लिहिताना सावध असावे; असे वाचक कोकणातही आहेत.

बाराबोर (कुडाळ)

पिस्तुलाची माहिती वर उत्तम आली आहे, म्हणून मी केवळ परवान्याच्या बाजूने लिहितो. आमच्या घरी रानडुकरे आणि माकडांसाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे, आणि निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करण्याचा शिरस्ता आम्ही वर्षानुवर्षे पाळत आलो आहोत, त्यामुळे या कायद्याशी आमची ओळख पुस्तकी नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार ९ मिमीचे पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचा आतील व्यास) मोडते. जिल्हाधिकारी कार्यालयातून सामान्य माणसाला मिळणाऱ्या परवान्यावर ते घेताच येत नाही, त्यासाठी केंद्र सरकारचीच विशेष परवानगी लागते. त्यामुळे आपला नायक हौसेखातर एएसपी विकत घेऊन कमरेला लावतो, ही कल्पना टिकणार नाही. गंमत अशी की पीपीके ज्या ७.६५ मिमी, म्हणजे आपल्याकडे .३२ म्हणतात, त्या बोअरमध्ये मिळत असे, तो बोअर मात्र खासगी परवान्यावर चालतो. कायद्याच्या चौकटीत बसवायचेच असेल तर बाँडचे जुने पिस्तूल आपल्या नायकाला अधिक जवळचे आहे.

शिवाय तो सरकारी अधिकारी आहे. कामावर असताना खात्याने दिलेले शस्त्र, त्याची नोंदवहीतील सही आणि वापरलेल्या प्रत्येक काडतुसाचा हिशेब यांतून त्याची सुटका नाही. माझ्या मते हा हिशेब कथेत आला तर ती अधिक आपल्याकडची वाटेल.

किनारावाचक (देवगड)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मग नायकाला खात्याचे .३८ रिव्हॉल्व्हर द्यावे आणि एएसपी गलबतातून आलेल्या परदेशी माणसाकडे असावे, असे आता वाटू लागले आहे. तो माणूस अवसेच्या रात्री पुळणीवर उतरतो आणि तेथेच चकमक होते. यात काही खटकते का?

सुकतीभरती (वेंगुर्ले)

मांडणी पटण्यासारखी आहे, मात्र अवसेच्या रात्री आपण त्या पिस्तुलाचे दोन्ही गुण वाया घालवत आहात. पिवळी पन्हळ दिसायला उजेड लागतो, आणि पारदर्शक मुठीतून काडतुसे मोजायलाही. अंधाऱ्या पुळणीवर त्या माणसाच्या हाती उरते ते केवळ आखूड नळीचे एक पिस्तूल, ज्याने वीस पावलांवरच्या माणसाला टिपणेही कठीण. नायकाला हे ठाऊक असेल आणि त्या माणसाला अंधारात जवळ येऊ न देता तो लांबूनच खेळवत असेल, तर चकमकीला अर्थ येईल. अन्यथा तो प्रसंग बंदराजवळच्या एखाद्या लॉजच्या खोलीत, कंदिलाच्या उजेडात घ्यावा.

आणखी एक बाब म्हणजे खारा वारा. आमच्याकडे उघड्या पोलादावर दोन दिवस हात फिरवला नाही तर बारीक तांबूस ठिपके उमटतात, आणि पावसाळ्यात चामड्याच्या होल्स्टरला बुरशी येते ती निराळीच. चामडे ओल धरून ठेवते, म्हणून जाणकार माणूस शस्त्र त्यात कायमचे ठेवत नाही, काढून पुसून तेलाच्या फडक्यात गुंडाळतो. एएसपीवर टेफ्लॉनचा लेप असे, त्यामुळे गलबतावरचा प्रवास त्याला रिव्हॉल्व्हरपेक्षा बरा मानवेल. नायकाच्या रिव्हॉल्व्हरची मात्र रोजची पुसापुशी दाखवायला हवी. कथा पावसाळ्यात ठेवण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा, कारण नारळी पौर्णिमेच्या आत गलबत या किनाऱ्याला लावण्याचे धाडस कोणताही तांडेल, म्हणजे गलबताचा प्रमुख, करणार नाही. नोव्हेंबरनंतरचा काळ घेतल्यास समुद्र शांत मिळेल, आणि पहाटेच्या दवाने नळीवर ओल धरते, तो तपशीलही आपल्याला वापरता येईल.