जहाजावरचा कॅसिनो: प्रवाशाचा देश बघून टेबलं बदलतात की नाही?

तिसरं_पान

क्रूझच्या खर्चाबद्दलच्या चर्चेत एकाने ठामपणे लिहिलंय: "जहाज शांघायहून सुटो नाहीतर मायामीहून, कॅसिनो तोच. चिनी माणूस बॅकरॅट खेळतो आणि अमेरिकन स्लॉट मशीनला चिकटतो, ही ऐकीव वाक्यं. कंपनीला ज्यात जास्त सुटतं ते टेबल लागतं, बस." मला हे अजिबात पटलेलं नाही आणि कारणं चार ओळींत मावत नाहीत, म्हणून वेगळा धागा.

कोठीच्या खोलीपासून सुरुवात करू. बॅकरॅट म्हणजे 'बँकर' आणि 'प्लेअर' या दोन बाजूंना पानं वाटायची, बेरीज नऊच्या जवळ ती बाजू जिंकते, आणि पैज बाजूवर लावायची. मिनी बॅकरॅटमध्ये, म्हणजे लहान टेबलावर, पानांना फक्त डीलर हात लावतो. आठ कॅट, म्हणजे ४१६ पानं, पिसून परत वापरता येतात. चिनी खेळाडूला मात्र पान स्वतः उलगडायचं असतं. त्या बाजूवर ज्याची पैज सर्वांत मोठी, त्याच्याकडे पानं सरकवतात. तो लांब कड हळूहळू वाकवतो. कडेला तीन ठिपके दिसले तर छक्की, सत्ती किंवा अठ्ठी. चार दिसले तर नव्वी किंवा दश्शी. मग मधला ठिपका आहे की नाही हे बघायला कोपरा दुमडतो. यात पान चुरगळतं, आणि चुरगळलेलं पान म्हणजे खुणेचं पान, म्हणून ते एका डावात बाद.

एका शूमधून, म्हणजे आठ कॅट भरलेल्या पेटीतून, ७०-८० डाव निघतात आणि उलगडायच्या टेबलावर तासाला ४० च्या आसपास डाव होतात. म्हणजे दोन तासांना एक शू. दिवसाला दहा तास टेबल चाललं तर पाच शू, ४० कॅट. अशी दहा टेबलं सात दिवस चालवायची तर २,८०० कॅट निघण्याआधीच मोजून कुलूपबंद करून ठेवावे लागतात, आणि बाद पानंही मोजूनच नष्ट करावी लागतात. एकच मिनी टेबल असलेल्या जहाजाला हा व्याप नसतो.

दुसरं रूलेट. युरोपीय खेळाडू चाकाच्या भागावर पैज लावतो. 'व्हॉझां' म्हटलं की नऊ चिप्स: ०-२-३ वर दोन, ४/७, १२/१५, १८/२१, १९/२२ आणि ३२/३५ वर एकेक, २५-२६-२८-२९ च्या चौकात दोन. शून्याच्या आजूबाजूची १७ घरं झाकली जातात. चाकाच्या उरलेल्या भागांसाठी 'तिएर' सहा चिप्सचा, 'ऑर्फलां' पाचचा. १७, १२ आणि ८ मिळून ३७ घरं पुरी. डबल झीरोच्या, म्हणजे ० आणि ०० अशी दोन हिरवी घरं असलेल्या अमेरिकन चाकावर आकड्यांचा क्रमच वेगळा. एका शून्याच्या चाकावर ० च्या शेजारी २६ आणि ३२ असतात, अमेरिकन चाकावर २ आणि २८. त्यामुळे ही हाक तिथे देताच येत नाही. ज्या जहाजावर युरोपीय जास्त, तिथे चाकच वेगळं लागतं.

तिसरं, फासे. क्रॅप्स या दोन फाशांच्या खेळाला लांबलचक टेबल आणि पूर्ण चमूत चार माणसं लागतात. सिक बोला बंद भांड्यात तीन फासे आणि एक डीलर पुरतो. पूर्व आशियाई प्रवाशांसाठी सिक बो, अमेरिकनांसाठी क्रॅप्स.

नॉर्वेजियन जॉयचंच बघा. २०१७ मध्ये खास चिनी बाजारासाठी आलेलं जहाज २०१९ मध्ये अमेरिकेकडे वळवताना सुमारे पाच कोटी डॉलर खर्चून बदलावं लागलं. सगळीकडे सगळं सारखं चालत असतं तर हा खर्च कशाला केला असता?

लाल_काळा

ते वाक्य माझं होतं आणि मी त्यावर ठाम आहे.

जॉयचा दाखला इथे लागू नाही. तो खर्च अख्खं जहाज ब्लिस या बहीण-जहाजासारखं करण्याचा होता. त्यातून कॅसिनोच्या टेबलांबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

आता हिशेब. एका स्लॉट मशीनवर सरासरी पाऊण डॉलरचा फेरा, तासाला ६०० फेरे, कॅसिनोचा वाटा समजा १० टक्के. तासाला ४५ डॉलर. सात मशीन, ३१५ डॉलर. बॅकरॅटमध्ये बँकरवर हाउस एज (पैजेतला कॅसिनोचा सरासरी वाटा) १.०६ टक्के, प्लेअरवर १.२४. सोयीसाठी १.२ धरा. सात जण, २५ डॉलरची पैज, तासाला ४० डाव: ८४ डॉलर, आणि त्यातून डीलरचा पगार. मशीनची बरोबरी करायला सरासरी पैज १०० डॉलरच्या आसपास न्यावी लागते. म्हणून टेबल लागतं ते पैजेचा आकार बघून. पासपोर्टचा रंग कोणी बघत नाही. शंभर डॉलर लावणारे नॉर्वेजियन मिळाले तर त्यांच्यासाठीही लागेल.

शिवाय जहाज मोठ्या पैजा घ्यायला बिचकतं. एक माणूस एका सफरीत हजार-हजार डॉलरचे १,००० डाव खेळला, तर कॅसिनोची अपेक्षित कमाई १२ हजार डॉलर, पण प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे जातो ते, जवळजवळ ३० हजार. साधारण तीन सफरींत एकदा कॅसिनोच हरून उतरतो. जमिनीवर असे एक लाख डाव झाले की अपेक्षित कमाई १२ लाख आणि विचलन ३ लाख, तोटा जवळपास अशक्य. जहाजाला तेवढे डाव मिळतच नाहीत, म्हणून पैजेची कमाल मर्यादा बांधली जाते. आवड कितीही असो, ती तिथे अडते.

तिसरं_पान

जॉयबद्दल ठीक आहे, तो दाखला मी मागे घेतो. बाकी तुमचाच हिशेब माझ्या बाजूने बोलतो. ६०० फेरे होतात ते कोणी मशीनसमोर बसलं तर. ज्याला मशीनमध्ये रस नाही त्याच्यासमोर ठेवलेलं मशीन तासाला शून्य डॉलर देतं. बसायचं की नाही हे जो ठरवतो, त्याचीच आवड मोजली जाते.

आणि ४० डाव हा आकडा तरी कुठून आला? उलगडण्यामुळेच डाव मंदावतात. मिनी टेबलावर तासाला शंभरावर सहज जातात. निव्वळ नफाच बघायचा असता तर कंपनीने पान उलगडू दिलंच नसतं.

बारा_मैल

दोघेही चुकताय. आवडही नाही, नफाही नाही. आधी कायदा, मग मार्ग.

प्राइड ऑफ अमेरिका घ्या. अमेरिकी ध्वज, हवाई बेटांमध्येच फिरणारं जहाज, त्यावर कॅसिनोच नाही. प्रवासी तेच अमेरिकन, जे कॅरिबियनला गेले की मशीनसमोर रांगा लावतात. हवाईचा कायदा जुगार चालू देत नाही, विषय संपला.

जपान घ्या. दंडसंहितेनुसार जुगार गुन्हा, त्यामुळे १२ सागरी मैलांच्या आत परदेशी जहाजाचाही कॅसिनो बंद. सेटो अंतर्देशीय समुद्रातून रात्रभर प्रवास असेल तर रात्रभर बंद. अशा सफरीवरची कमाई बघून कोणी "जपान्यांना पत्त्यांची आवड नाही" असं लिहिलं, तर ते वाक्य कागदाच्याही लायकीचं नाही. भूमध्यसागरातही रोज नवं बंदर असतं, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा टेबलं झाकलेली. कॅरिबियनच्या सफरीत पूर्ण दिवस समुद्रात मिळतात. आधी उघडे तास मोजा, मग राष्ट्रांच्या स्वभावावर बोला.

आणि चिनी मोठे खेळाडू? १ मार्च २०२१ पासून चीनच्या फौजदारी कायद्यात नागरिकांना परदेशी जुगारासाठी संघटितपणे नेणं हा गुन्हा आहे. खेळाडू गोळा करून आणणारे आणि त्यांना उधारी देणारे जंकेटवालेच हटले की उलगडण्याची टेबलं रिकामी पडतात. आवड तीच राहते, माणसं येत नाहीत.

तिसरं_पान

हवाईचा मुद्दा बिनतोड आहे, नाइलाजाने मान्य करतो. पण कायदा कॅसिनो कधी उघडतो हे सांगतो. उघडल्यावर आत काय मांडायचं, हे तो सांगत नाही. १२ मैलांच्या पलीकडे गेल्यावर सिक बो मांडायचा की क्रॅप्स, हा माझा प्रश्न आहे.

एकच_शून्य

इतकं लिहून कोणीच मुख्य दुखण्यावर बोट ठेवत नाही. अमेरिकन प्रवाशांच्या जहाजावर डबल झीरो आणि ६ ला ५ चा ब्लॅकजॅक सर्रास का लागतो? ही आवड नाही, लूट आहे.

दहा डॉलर, तासाला ४० फेरे, म्हणजे ४०० डॉलरची उलाढाल. एका शून्यावर २.७० टक्के, म्हणजे १०.८० डॉलर जातात. डबल झीरोवर ५.२६ टक्के, म्हणजे २१ डॉलर. शिवाय ०-००-१-२-३ ही पाच घरांची पैज त्याहून वाईट, ७.८९ टक्के. पहिल्या दोन पानांतच २१ झाले, म्हणजे 'ब्लॅकजॅक' आला, की ३ ला २ च्या टेबलावर दहावर १५ मिळतात, ६ ला ५ च्या टेबलावर १२. ब्लॅकजॅक साधारण २१ डावांत एकदा येतो, त्यामुळे फक्त या एका बदलाने हाउस एज जवळजवळ १.४ टक्क्यांनी वाढतो. नीट खेळणाऱ्यासाठी एरवी तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. तिप्पट-चौपट झाला की!

युरोपात १.३५ टक्क्यांचं रूलेट मिळतं. मग अमेरिकन माणसाने काय पाप केलंय?

लाल_काळा

१.३५ सरसकट नाही. 'ला पार्ताज' नियम लिहिलेला असेल तरच, आणि तोही फक्त लाल-काळा, सम-विषम, लहान-मोठा या पैजांवर. शून्य आलं की अर्धी पैज परत मिळते. एका आकड्यावर लावलेल्या चिपला २.७० च. अर्धवट आकडे देऊन लोकांना चिथवू नका.

पण तुम्ही माझीच बाजू मांडलीत, त्याबद्दल आभार. अमेरिकन प्रवाशाला डबल झीरो आवडत नाही, तो ते सहन करतो. त्याला 'आवड' म्हणणं चूक आहे.

एकच_शून्य

१.३५ ची दुरुस्ती मान्य. चिथावणी मान्य नाही. प्रत्येक अंक टेबलावर जाऊन पडताळता येतो.

तिसरं_पान

सहन करणं हीसुद्धा सवयच आहे, आणि सवय देशाने लावलेली असते. व्हॉझां म्हणणाऱ्याला तुम्ही डबल झीरोसमोर बसवूच शकत नाही. तो उठून जाईल. ज्याने लहानपणापासून दोन हिरवी घरं पाहिली, त्याला काही खटकत नाही. म्हणूनच दोघांसाठी दोन चाकं लागतात. हाच माझा पहिल्यापासूनचा मुद्दा आहे.

लाल_काळा

मग 'राष्ट्रीय आवड' हा शब्द टाका आणि 'गिऱ्हाईक कशावर उठून जाईल' असं म्हणा. त्यावर मी सही करतो. त्यापुढे एक अक्षरही नाही.

पानवाटप

ब्लॅकजॅक निघालाच आहे तर एक गोष्ट कोणी सांगत नाही. युरोपीय पद्धतीत डीलर दुसरं पान खेळाडूंचं झाल्यावर घेतो. तुम्ही ११ वर डबल केलं (पैज दुप्पट करून एकच पान घेतलं), डीलरचं दहाचं पान उघडं आहे आणि मग त्याला एक्का आला, तर दोन्ही पैजा गेल्या. अमेरिकन पद्धतीत डीलर झाकलेलं पान आधीच तपासतो, त्यामुळे डबल करायची वेळच येत नाही, मूळ पैज तेवढी जाते. म्हणून युरोपीय टेबलावर दहा किंवा एक्क्यासमोर ११ डबल करायचे नाहीत, दोन अठ्ठ्याही फोडायच्या (दोन वेगळे डाव करायच्या) नाहीत. कधी काय करायचं याचा एका पद्धतीचा तक्ता पाठ करून दुसऱ्या जहाजावर बसलात की नेमका तिथे फटका बसतो.

बारा_मैल

हे उपयोगाचं लिहिलंत. बाकी धागा रूलेटच्या चाकात अडकला आहे.

नवं_टोपणनाव

भारतीय प्रवासी जास्त असतील तर अंदर-बाहर लागतो, तो कुठल्या खात्यात? हाउस एज किती?

पानवाटप

एक पान उघडून ठेवतात, मग दोन्ही बाजूंना आळीपाळीने पानं टाकतात; त्याच्या जोडीचं पान पडेल ती बाजू जिंकते. ज्या बाजूला पहिलं पान पडतं ती साधारण ५१.५ टक्के वेळा जिंकते. म्हणून तिला १ ला ०.९ देतात आणि दुसरीला सरळ १ ला १. हाउस एज पहिल्या बाजूला २.१५ टक्के, दुसरीला ३. दोन्हीकडे १ ला १ देणारं टेबल टिकणार नाही, कारण सगळे पहिल्याच बाजूला लावतील. शिकायला अर्धं मिनिट पुरतं आणि कॅसिनोला परवडतं.

लाल_काळा

बघा, इथेही परवडतं म्हणूनच.

तिसरं_पान

पण मागणी होती म्हणूनच टेबल आलं ना! शिवाय सिक बोचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही. सिक बोच्या लहान-मोठ्या पैजेवर हाउस एज २.७८ टक्के, क्रॅप्सच्या पास लाइन या मुख्य पैजेवर १.४१. खेळाडूच्या फायद्याचं क्रॅप्स. कंपनीच्या फायद्याचा सिक बो, आणि माणसंही कमी लागतात. मग नफाच सगळं ठरवत असेल तर अमेरिकन जहाजावर क्रॅप्स काढून सिक बो का मांडत नाहीत?

लाल_काळा

कारण तिथे सिक बोवर कोणी बसणार नाही.

तिसरं_पान

हेच मी सकाळपासून लिहितोय.

एकच_शून्य

तुमचं मिटलं असेल तर माझं राहिलंय. चिप्स घेण्याआधी दोन गोष्टी बघा. चाकावर हिरवी घरं एक की दोन, आणि ब्लॅकजॅकच्या कापडावर '३ ला २' छापलंय की '६ ला ५'. कापडावर काहीच छापलं नसेल तर बसण्याआधी डीलरला विचारा. तिहेरी शून्याचं चाक दिसलं तर ७.६९ टक्के आहे, तिथून सरळ निघा.

पानवाटप

'कमिशन नाही' असं लिहिलेलं बॅकरॅटचं टेबलही त्यात घाला. नेहमीच्या टेबलावर बँकर जिंकला की ५ टक्के कापतात. इथे कापत नाहीत, पण बँकर सहाच्या बेरजेवर जिंकला तर निम्मेच देतात. बँकरवरचा १.०६ मग १.४६ होतो. पाटी वाचून स्वस्त वाटतं आणि पडतं महाग.

बारा_मैल

सोमवारी उघड्या तासांचा वेगळा धागा काढतो. तिथे तरी कोणी रूलेट काढू नका.